दुय्यम वाटप : टपालाच्या शेवटच्या अकरा किलोमीटरांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याचे श्रवणयंत्र बिघडले. आत्या भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात, हमरस्त्यापासून अकरा किलोमीटर आत असलेल्या आमच्या मूळ गावी राहते. वय ब्याऐंशी. यंत्र दुरुस्तीसाठी कुणाच्या तरी हाती माझ्याकडे आले, मी ते रायपूरहून नीट करून आणले आणि परत पाठवण्यासाठी भिलाईतल्या एका खासगी कुरिअरच्या दुकानात गेलो. तेथील तरुणाने संगणकावर पिनकोड घातला, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, साकोलीपर्यंत जाईल. पुढे तुमच्या माणसाला येऊन घेऊन जावे लागेल." ब्याऐंशी वर्षांच्या बाईला, जिला यंत्रावाचून फोनवरचे बोलणेही ऐकू येत नाही, तिला साकोलीला या म्हणून कळवायचे तरी कसे, हा प्रश्न त्याचा नव्हता आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अकरा किलोमीटर जाऊन यायला जेवढे पेट्रोल लागते, तेवढेही पैसे त्या पाकिटातून सुटत नाहीत. मी पाकीट घेऊन टपाल कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी पत्ता वाचला, पैसे घेतले आणि पावती दिली. अकरा किलोमीटरांचा विषयसुद्धा निघाला नाही.

हा विषय का निघाला नाही, हेच मला या लेखात सांगावयाचे आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि सरकारी नोकर या दोन्ही नात्यांनी मला नेहमी वाटत आले आहे की, जेथे खर्चाचा विषय निघत नाही, तेथे तो खर्च कोणीतरी मुकाट्याने सोसत असतो. टपालाच्या बाबतीत तो कोणी सोसला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मी राहतो ते रुआबांधा आज भिलाईच्या पोलाद वसाहतीचा एक भाग म्हणून ओळखले जाते. नावातला 'बांधा' मात्र जुन्या खेड्याची, बांध घालून केलेल्या तळ्याची आठवण देतो. येथून थोड्या अंतरावरून नागपूर-रायपूर महामार्ग जातो. भिलाई, दुर्ग, रायपूर, राजनांदगाव या चारही गावांत त्याला लोक अजून 'जी. ई. रोड' म्हणतात, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. ज्या रस्त्याने हा प्रांत नागपूरशी जोडला गेला त्याचे ते इंग्रजी नाव. रस्त्याची वाट मात्र त्या नावाहून जुनी आहे. इ. स. १७४१ मध्ये भोसल्यांचा सेनापती भास्करपंत छत्तीसगढात उतरला, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला बसून १७८७ पर्यंत येथला कारभार केला. या कारभाराचे कागद मराठीत, मोडी लिपीत चालत. कागद म्हटला की तो नेणारा आलाच. पत्रे नेणाऱ्या जासुदांच्या जोड्या, ठरीव मुदतीत पोचण्याच्या बोलीने मजुरी घेणारे अजुरदार आणि सावकारांची स्वतःची डाक, अशी मराठेशाहीतली व्यवस्था होती. पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सरकारी जासुदांच्या आधी एका सावकारी पत्रातून कळली, ही हकीकत मराठी वाचकांना परिचित आहेच. व्यापाऱ्याची डाक राज्याच्या डाकेपेक्षा वेगवान असणे ही गोष्ट आजकालची नव्हे.

परंतु ही डाक कोणाची होती? जो पाठवणारा, त्याचीच. राजाची डाक राजासाठी, सावकाराची सावकारासाठी. रयतेने पत्र पाठवावे, अशी कल्पनाच त्यात नव्हती. कंपनी सरकारची दृष्टीही आरंभी निराळी नव्हती. वॉरन हेस्टिंग्जने १७७८ मध्ये मुधोजी भोसल्यांकडे वाटाघाटींसाठी धाडलेला अलेक्झांडर एलियट नागपूरला पोचण्याआधीच सारंगढजवळ तापाने मेला. कलकत्त्याहून नागपूरला माणूस पाठवणे म्हणजे काय दिव्य होते, याची त्यावरून कल्पना यावी. १८०३ च्या देवगावच्या तहात इंग्रजांनी भोसल्यांकडून कटक प्रांत मागून घेतला. बंगाल आणि मद्रास यांच्यामधला खुष्कीचा मार्ग, म्हणजे पर्यायाने डाकेची वाट, आपल्या हाती असावी, हाही त्यामागचा एक मोठा हेतू होता. डाक ही तेव्हा राज्याची नस मानली जाई. ती प्रजेची सोय पुढे झाली.

ही सोय होण्याचा पहिला टप्पा १८३७ चा कायदा. त्याने पत्रे वाहण्याचा मक्ता सरकारकडे घेतला आणि टपाल सर्वांसाठी खुले केले. दर मात्र अंतरावर होता. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाच्या पत्राला एक रुपया, आग्र्याला बारा आणे. त्या काळचा रुपया लक्षात घेता हे दर व्यापारी आणि अधिकारी यांच्यासाठीच होते, हे उघड आहे. मग १८५४ साल उजाडले. ज्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्याच्याच कारकिर्दीत देशभर एक टपालखाते आणि एकच टपालहंशील सुरू झाले. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की पेशावरला. डलहौसीने आपले एक राज्य घेतले हे नागपूरकर विसरलेले नाहीत, आणि विसरूही नये. पण अर्ध्या आण्याचे श्रेय त्याचे त्याला दिले पाहिजे.

अंतर कितीही असो, दर एकच, हा विचार इंग्लंडात रोलंड हिल याने १८३७ मध्ये मांडला होता. त्याचा हिशेब अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावा इतका सुरेख आहे. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका भरतो, असे त्याने दाखवून दिले. पत्रामागचा खरा खर्च वाहतुकीचा नाही. तो पत्र घेणे, वर्गवारी करणे, दर ठरवणे, पैसे वसूल करणे आणि वाटणे यांचा आहे. तेव्हा अंतर मोजत बसण्याचा खर्चच अंतरापेक्षा जास्त होतो. म्हणून सर्वांना एक दर लावा आणि पैसे आधीच घ्या. १८४० मध्ये इंग्लंडात पेनी-टपाल सुरू झाले ते याच युक्तिवादावर.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पुढे नोबेल मिळवणाऱ्या रोनाल्ड कोस यांनी १९३९ मध्ये हिलवर एक निबंध लिहिला होता. तो मी विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा प्रथम ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. हिलचा एकच दर हा मूळ योजनेत सर्व पत्त्यांना लागू नव्हता. त्याने वाटपाचे दोन भाग केले होते. टपालाच्या मोठ्या ठाण्यांपासून ठाण्यांपर्यंतचे ते मुख्य वाटप. त्याला एक पेनी. ठाण्यापासून आतल्या खेड्यांपर्यंतचे ते दुय्यम वाटप. त्याचा खर्च त्या त्या भागाने वेगळा सोसावा, असे त्याचे म्हणणे होते. कारण छत्तिसाव्या भागाचा हिशेब हजारो पत्रे एकत्र नेणाऱ्या डाकगाडीसाठी खरा. एका पत्रासाठी एक माणूस दोन कोस चालतो, तेथे तो हिशेब कोसळतो. हिल प्रामाणिक हिशेबनीस होता म्हणून त्याने ते सांगून टाकले. राज्यकर्त्यांना इतका काटेकोरपणा परवडत नाही. ही विभागणी प्रत्यक्षात गुंडाळली गेली आणि जगभर एकच दर ही टपालाची ओळख बनली. तरीही खुद्द इंग्लंडात प्रत्येक घरी विनामूल्य वाटप होण्याचे धोरण यायला १८९७ साल उजाडले, आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या दारी टपाल जाऊ लागले ते १८९६ पासून.

हिंदुस्थानात काय झाले? दर एक झाला, पण दुय्यम वाटपाचा खर्च नाहीसा झाला नाही. त्याने नुसते नाव बदलले. तो किती वेळा बदलला, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले नाव जिल्हा डाक. शाही टपालखाते मोठी गावे आणि मोठे रस्ते पाहत असे. जिल्ह्याच्या ठाण्यापासून आतल्या पोलिसठाण्यांपर्यंतची डाक ही जिल्ह्याची जबाबदारी होती. बंगालमध्ये ती जमीनदारांवर लादलेली होती आणि १८६२ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदाही झाला. २ नोव्हेंबर १८६१ रोजी स्थापन झालेल्या आपल्या मध्य प्रांतात जमीनमहसुलावर रस्ता, शाळा आणि टपाल असे उपकर बसत. म्हणजे अर्ध्या आण्याचा दर कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला आणि दुर्गच्या मालगुजाराला सारखाच. पण मालगुजार, आणि त्याच्यामार्फत अर्थातच कूळ, आपल्या गावच्या डाकेसाठी वर उपकर भरणार. ज्या कुळाला आयुष्यात एक पत्र आले नाही, तोही भरणार. विसाव्या शतकाच्या आरंभी ही जिल्हा डाक मोडीत निघाली आणि शाही खात्यात मिसळली.

या काळात डाक नेणारा तो हरकारा. हातात भाला किंवा घुंगरे लावलेली काठी, खांद्यावर थैली. टपालखात्यातले ज्येष्ठ अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी १९२१ मध्ये खात्याचा इतिहास लिहिला. त्यात हरकाऱ्यांविषयी कौतुकाने नोंदवले आहे की हा माणूस हिंस्र पशूला भीत नाही, पण झाडावरच्या भुताला भिऊन कोसभर वळसा घालतो. साहेबाला हे गमतीचे वाटले. मला वाटते, रोज रानातून एकट्याने ये-जा करणाऱ्याला कोणत्या झाडाखालून जाऊ नये याची काही कारणे ठाऊक असावीत. ते असो. १८८० च्या दशकात रेल्वे नागपूरहून राजनांदगावपर्यंत आली, १८९१ पर्यंत बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर थेट आसनसोलशी जोडले आणि या रस्त्यावरचे मुख्य वाटप वाफेवर गेले. दुय्यम वाटप पायीच राहिले.

दुसरे नाव 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल'. मराठीत त्याचा अर्थ, खात्याचे काम करणारा पण खात्याचा नसलेला माणूस. युक्ती मोठी हुशारीची होती. खेड्यात पूर्णवेळ पोस्टमास्तर परवडत नाही. पण तेथे शाळामास्तर असतो, दुकानदार असतो. त्याच्या घरातला एक कोपरा, एक तिजोरी, एक शिक्का, आणि दिवसाचे काही तास. बदल्यात थोडा भत्ता. त्याचे पोट त्याच्या मूळ धंद्यावर चालते असे खात्याने गृहीत धरले. जिल्हा डाकेत दुय्यम वाटपाचा भार जमिनीवर होता, तो आता मास्तरच्या ओसरीवर आला.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात २३,३४४ टपाल कार्यालये होती. त्यांतली १९,१८४ ग्रामीण भागात. पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी दोन हजार वस्तीच्या प्रत्येक ग्रामसमूहाला टपाल कार्यालय देण्याचे उद्दिष्ट ठेवले. किडवईंचे नाव आम्हा विदर्भवासीयांना आणखी एका गोष्टीसाठी आठवते. १९४९ मध्ये त्यांनी रात्रीची हवाई डाक सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटे ती आपापल्या शहरी परतत. मुख्य वाटपाचे याहून देखणे रूप आपल्या देशात झाले नसेल. आणि त्याच वेळी नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर एखादा डाकवाला चिखल तुडवत थैली नेत होता. दोघेही एकाच खात्याचे. पण एक खात्यातला, दुसरा खात्याबाहेरचा.

आज कार्यालयांची संख्या दीड लाखाच्या वर आहे आणि दहांतली नऊ ग्रामीण भागात आहेत. नवे ग्रामीण कार्यालय उघडण्याचे खात्याचे निकष अनेक वर्षे असे राहिले : साधारण भागात तीन हजार वस्ती, डोंगरी आणि आदिवासी भागात पाचशे, आणि जवळचे कार्यालय तीन किलोमीटरांवर. उत्पन्न खर्चाच्या एक तृतीयांश भरले तरी चालेल, दुर्गम भागात पंधरा टक्के. म्हणजे तोटा आधीच मान्य केलेला. जनकल्याणाच्या दृष्टीने हा फार उदार नियम आहे. पण तोटा लहान दिसतो तो खर्च लहान असल्यामुळे, आणि खर्च लहान आहे तो त्या माणसाला कमी दिल्यामुळे, हेही त्याच कागदावर वाचता येते.

माझे काका १९६१ मध्ये भिलाईच्या कारखान्यात लागले. पहिली झोतभट्टी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. दर महिन्याला पगार झाला की ते गावी मनिऑर्डर करीत. मी पाहिले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीचे. आमच्या गावचा डाकवाला शेतकरीच होता. सकाळी बांधावर, दुपारी सायकलवर. तो अंगणात आला की आजी हात पुसत बाहेर येई. नोटा मोजून होत, शाई लावून अंगठा उमटे, साक्षीदार म्हणून माझ्या वडिलांची सही होई. मग तो फॉर्मच्या खालचे कुपन फाडून आजीला वाचून दाखवी. त्यावर काकांनी दोन ओळी लिहिलेल्या असत. वडील साक्षर होते, मीही वाचू लागलो होतो, तरी कुपन वाचण्याचा मान त्याचाच. एकदा काकांना अपघात झाल्याचे त्यात होते. त्याने आधी नोटा दिल्या, पाणी मागितले, आजीला बसवले आणि मग, "पायाला लागले आहे, पण आता चालतात," असे सांगितले. कुपनात 'आता चालतात' हे नव्हते. ते मी नंतर स्वतः वाचले. त्याला कामाच्या किती तासांचा भत्ता मिळत होता, हे मला त्या वयात माहीत असण्याचे कारण नव्हते. वयाची पासष्ट वर्षे झाल्यावर तो थांबला आणि त्याला निवृत्तिवेतन नाही, हे मला सरकारी नोकरीत आल्यानंतर गावी गेलो तेव्हा कळले. माझ्या त्या वेळच्या पहिल्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला गेला होता आणि मी त्याबद्दल कुरकुर करीत होतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पी. के. राजम्मा यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की हे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल लोक सरकारी पद धारण करतात, त्यांना चौकशीविना काढून टाकता येणार नाही. तरी ते नियमित कर्मचाऱ्यांहून वेगळेच राहिले. २००१ मध्ये नाव पुन्हा बदलले आणि ते 'ग्रामीण डाक सेवक' झाले. हे तिसरे नाव. नाव नक्कीच चांगले आहे. समित्या येत गेल्या : न्यायमूर्ती तलवार, नटराज मूर्ती, कमलेश चंद्र. शेवटच्या समितीच्या शिफारशींवरून २०१८ मध्ये त्यांचे दिवसाचे तास चार किंवा पाच ठरले आणि किमान भत्ता कामाप्रमाणे दहा हजारांपासून साडेचौदा हजार रुपयांपर्यंत झाला. पूर्वीच्या मानाने ही मोठी वाढ होती, हे मान्य केलेच पाहिजे. आज असे सुमारे अडीच लाख लोक आहेत. रोजगार हमीची मजुरी, निराधार वृद्धांचे अनुदान, टपाल पेमेंट्स बँकेचे हातातले यंत्र, हे सर्व त्याच चार-पाच तासांत बसवायचे असते. ते तास कागदावर बसतात.

येथपर्यंतचा इतिहास हा एका मक्त्याच्या आडोशाने चालला होता. १८९८ च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. मुंबई-पुण्याच्या फायद्यातून साकोलीच्या आतला तोटा भरायचा, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात कुरिअर कंपन्यांनी फायद्याचा भाग केव्हाच उचलला होता आणि खाते कित्येक वर्षे तोट्यात आहे. म्हणून २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला आणि त्यात हा एकाधिकार उरला नाही, याचे मला दुःख नाही. जे वास्तवात नव्हते ते कागदावरून गेले, इतकेच. माझी चिंता वेगळी आहे. मक्ता गेला की त्याच्या बदल्यात असलेले कर्तव्य स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे लागते. प्रत्येक पत्त्यावर, आठवड्यातून किती दिवस, आणि तोटा कोणत्या तिजोरीतून, हे लिहावे लागते. ब्रिटनने आपल्या २०११ च्या कायद्यात ते लिहिले. डेन्मार्कने ते कर्तव्य काढून टाकले आणि २०२५ च्या अखेरीस तेथल्या सरकारी टपालाने चारशे वर्षांनंतर पत्रे वाटणे थांबवले. डेन्मार्कला ते परवडत असेल. तेथे अकरा किलोमीटर आत राहणाऱ्या आत्यांच्या हाती दुसरी साधने आहेत. आपल्याकडे ते कर्तव्य आज कायद्यापेक्षा खात्याच्या सवयीवर आणि डाकसेवकाच्या पायांवर उभे आहे. सवय मोडायला संसदेची गरज लागत नाही. एखादे परिपत्रक पुरते.

आपल्यापैकी जे घरापासून दूर राहतात, त्यांनी पिनकोडाचा एक योग कदाचित लक्षात घेतला नसेल. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत सुरू करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. त्यांच्या रचनेत महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि पुढे त्यातून निघालेले छत्तीसगढ या सर्वांचा पहिला अंक चार आहे. नागपूर ४४, आमचे भिलाई ४९. मी गाव सोडून तीस वर्षे झाली तरी टपालखात्याच्या लेखी मी त्याच विभागात आहे, याचे मला उगीचच बरे वाटते.

श्रवणयंत्राचे पाकीट पाचव्या दिवशी पोचले. फोन आला तो आत्याचा नव्हे, डाकसेवकाचा. पस्तिशीतला तरुण, मोटारसायकलवर फिरतो. "काका, पार्सल दिले, सही घेतली. पण यंत्र चालत नाही, आत सेल नाहीत," तो म्हणाला. सेलांची पट्टी माझ्या टेबलावरच राहिली होती. दुसऱ्या दिवशी थैली आणायला तो वरच्या कार्यालयात गेला, तेव्हा साकोलीच्या बाजारातून सेल घेऊन आला, आत्याच्या कानात यंत्र बसवले आणि मला पुन्हा फोन लावून तिच्या हाती दिला. आत्याने आधी माझ्या विसराळूपणाबद्दल मला झापले. मग तो म्हणाला, सेलांचे एकशे वीस रुपये झाले, तेवढेच पाठवा. पेट्रोलचे विचारले तर म्हणाला, ते काय, मी इकडे येणारच होतो.